जळालेल्या लेसची वीण

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या नावाची एक चिनी मातीची थाळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आहे. तिच्यावर फिक्या गुलाबी लेसच्या झालरींचे थर आहेत. खरी लेस मातीच्या पातळ द्रावणात बुडवून भट्टीत भाजली, की सूत जळून जाते आणि त्याची वीण मातीत घट्ट होऊन उरते.

ही थाळी जूडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ या मांडणशिल्पातली. १९७४ ते १९७९ या काळात ते घडले आणि १९७९च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम मांडले गेले. ४८ फुटी बाजूंच्या त्रिकोणी मेजावर ३९ जणींची ताटे मांडली आहेत. त्यांत आपली कालीही आहे. खालच्या फरशांवर आणखी ९९९ नावे सोनेरी अक्षरांत लिहिली आहेत.

चिनी मातीच्या भांड्यांवरची चित्रकारी आणि भरतकाम ही दोन्ही कामे ‘बायकांचा फावल्या वेळचा छंद’ म्हणून कलेच्या इतिहासाबाहेर ठेवली गेली होती. शिकागो यांनी नेमकी तीच निवडली. प्रत्येक थाळीखाली त्या त्या काळाला साजेसे भरतकाम केलेली कापडी पट्टी आहे. मेरी वोलस्टोनक्राफ्ट यांची पट्टी समोरून नाजूक, घरंदाज दिसते. मागच्या बाजूला मात्र त्यांचा १७९७ मधला बाळंतपणातला मृत्यू उठावाच्या भरतकामात दाखवला आहे. काळ जसा अलीकडे येतो, तशा थाळ्या अधिकाधिक उंचावत जातात, जणू कापडापासून सुटू पाहतात. स्त्रीला व्यक्त होऊ देणारा धागा तिला बांधूनही ठेवत होता, हे येथे शब्दांवाचून कळते.

एक प्रश्न मात्र उरतो. या कामात सुमारे चारशे जणांचे हात होते, बहुतेक स्त्रियांचे आणि बहुतेक बिनपगारी. शिकागो यांनी त्यांची नावे लपवली नाहीत. कलाकृतीसोबत श्रेयफलक लावले. तरी पुस्तकांतून आणि बोलण्यातून एकच नाव पुढे आले. दोष केवळ कलावंताचा नाही. एका कृतीला एकच कर्ता शोधण्याची सवय आपल्या इतिहासलेखनालाच जडली आहे. गोधडी शिवणाऱ्या चारचौघींची नोंद ज्या सवयीमुळे राहिली नाही, तीच ही सवय. म्हणून हे मेज पाहताना थाळीवरचे नाव वाचावे, आणि श्रेयफलकही तितक्याच सावकाश वाचावा.