कॅसेटमध्ये काय आहे?

साल 1985. पहाटेचे तीन वाजलेत. दुबईचं विमान मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलंय आणि तुम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत उभे आहात. एकेक खोकं पुढे सरकतंय. सगळी सुतळीने आवळलेली, वर ठसठशीत अक्षरांत मालकाचं नाव आणि गाव: चिपळूण, राजापूर, महाड. तुमचंही येतं. टँगचा डबा, साबण, आईसाठी नायलॉनची साडी, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या आठ व्हीएचएस कॅसेटी. धाकट्याने गावात भाड्याचा व्हीसीआर ठरवून ठेवलाय. आळीतल्यांना आमंत्रणं गेलीत.

पुढे दोन वाटा. हिरव्या पाटीखालून चालू लागलात, की ‘ड्यूटी लागेल असं माझ्याकडे काही नाही’ हे तुम्ही न बोलता सांगितलंत. मग झडती झाली आणि काही निघालं, तर खोटं जाहीर केल्याचा ठपका. पुढचा माणूस मान खाली घालून हिरव्यात शिरतो. तुमचेही पाय तिकडेच ओढ घेतात. पण त्या आठातल्या पाच कॅसेटी तुमच्या नाहीत. दुबईत खोलीवर राहणाऱ्या एकाने ‘मुंबईत माणूस येऊन घेऊन जाईल’ म्हणत त्या हातात कोंबल्यात. तुम्ही लाल पाटीकडे वळता.

पांढऱ्या गणवेशातला अधिकारी टॉवेल उलगडतो.

“काय आहे यात?”

“साहेब, दोन हिंदी पिक्चर. एक भावाच्या लग्नाची. आणि या पाच... एकाने दिल्यात.”

तो पाचही शेजारी शेजारी मांडतो. एकच सिनेमा, एकच वेष्टण. “घरी बघायला एक पुरते ना? पाच कशाला?”

खरी अडचण इथे आहे. 1962 चा कस्टम्स कायदा प्रवाशाला सवलत देतो ती त्याच्या स्वतःच्या, प्रामाणिक वापराच्या सामानापुरती. एका सिनेमाच्या पाच प्रती म्हणजे व्यापाराचा वास. आखातातल्या दुकानात मिळणारी टेप इथे आली, की तिच्यावरून शेकडो निघतात आणि गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये लागतात. त्याला सरकारने नुकताच आवर घातलाय. 1984 साली कॉपीराइट कायदा सुधारला. आता व्हिडिओ कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता हवा आणि सेन्सॉर लागणारा सिनेमा असेल तर प्रमाणपत्राची प्रतही. तुमच्या पाचांवर यातलं काही नाही.

मग तो लग्नाची कॅसेट उचलतो. लेबल हाताने लिहिलेलं, म्हणून संशय जास्त. अश्लील साहित्याच्या आयातीवर 1964 च्या अधिसूचनेने बंदी आहे आणि बंद टेपच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. कोपऱ्यातल्या व्हीसीआरमध्ये ती सरकवली जाते. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला तुमचा भाऊ, मागे शारजातल्या हॉलची झुंबरं. अधिकारी पुढे पळवून दोन ठिकाणी थांबतो, टेप काढून तुमच्या हातात देतो.

“या तीन घेऊन जा. पाच इथे राहतील. खरं सांगितलंत म्हणून अटकावून ठेवतोय. पावती जपा, परत जाताना घेऊन जा.”

ही त्याची मेहेरबानी नाही. कायद्याच्या कलम 80 मध्येच ती सोय आहे: खरी माहिती जाहीर केली असेल, तर प्रवाशाच्या विनंतीवरून माल ठेवून घेता येतो आणि देश सोडताना परत देता येतो. हिरव्या वाटेने गेला असतात, तर ही सोय तुमच्या हातात राहिली नसती. तो खोक्यावर खडूने खूण करतो. तुम्ही सुटलात.

आता सोळा वर्षं पुढे या. 2001, सर्वोच्च न्यायालय. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात वाद असा, की तांत्रिक माहिती, आराखडे कागदावर किंवा टेपसारख्या माध्यमावर आले तर ड्यूटी कशावर घ्यायची? नुसत्या माध्यमावर, की आतल्या ज्ञानावरही? न्यायालयाने सांगितलं, आशय माध्यमावर उतरला की तो मालच, आणि किंमत दोन्हींची मिळून धरायची. सहारच्या त्या टेबलावर तुम्हाला विचारलेला प्रश्न मुळात हाच होता. प्लास्टिकची किंमत कुणालाच नव्हती; आत काय आहे आणि त्याचं तुम्ही काय करणार, एवढंच विचारलं जात होतं.

आणि आज? तोच सिनेमा समुद्राखालच्या केबलमधून तुमच्या फोनवर येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी 1998 साली इलेक्ट्रॉनिक प्रसारणावर सीमाशुल्क न लावण्याचं ठरवलं. ती मुभा पुढे वारंवार वाढवली गेली आणि भारताने तिला वेळोवेळी विरोध केला, कारण महसूल बुडतो. खोकं नाही, म्हणून टेबलही नाही.

पण वस्तू अजून येतात. परदेशातल्या काकांचं घर आवरताना 16 मिलिमीटरची रिळं, जुन्या कॅसेटी, हार्ड डिस्क हाती लागते. ती आणताना प्रत्येकीत काय आहे याची यादी करा, दुसऱ्याची ‘फक्त एवढी एक’ बॅगेत घेऊ नका, आणि शंका असेल तर सरळ लाल वाटेने जा. अर्धा तास मोडेल, पण माल आणि मान दोन्ही वाचेल.