तळणीच्या ग्रहणातला अदृश्य उजेड

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. चंद्राची सावली विजयदुर्गाला किनाऱ्यावर चढली आणि जेऊर, पुलगाव करत ईशान्येकडे निघून गेली. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी वऱ्हाडात उतरली होती ती धामणगाव आणि पुलगावच्या मधल्या तळणी स्टेशनाजवळ. विजयदुर्गाला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आले, म्हणून त्या किल्ल्याची आठवण टिकली. तिच्यात १८६८ च्या हेलियमच्या शोधाची कथाही मिसळली, जरी लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. तळणीची दंतकथा झाली नाही. तिचे कागद मात्र भक्कम आहेत: वॉल्टर माँडर यांनी संपादित केलेला १८९९ चा अहवालग्रंथ, आणि जॉन एव्हरशेड यांचा रॉयल सोसायटीने १९०१ मध्ये छापलेला दीर्घ लेख.

अहवालात नजर आधी जाते ती अ‍ॅनी माँडर यांच्याकडे. दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्यात त्यांनी प्रभामंडळाचा लाखो मैल पसरलेला झोत टिपला. माझ्या मते तळणीचा खरा ठेवा मात्र एव्हरशेडांच्या काचांवर आहे.

एव्हरशेड तेव्हा हौशी निरीक्षक होते. कोडाईकनालला ते १९०७ मध्ये आले. त्यांच्या कॅमेऱ्यापुढे लोलक होता, फट नव्हती. चंद्राआडून उरलेली सूर्याची बारीक कोर हीच फट, त्यामुळे प्रत्येक वर्णरेषा कमानीसारखी उमटली. हायड्रोजनच्या रेषा जांभळ्याकडे दाटत जातात आणि ३६४६ अँगस्ट्रॉमपाशी मालिका संपते. त्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, काचेवर सलग उजेड होता. मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीत येऊन अडकला की असा प्रकाश निघतो. हे स्पष्टीकरण १९१३ मधल्या बोरच्या अणु-प्रतिमानानंतरचे. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ चा. एव्हरशेडांनी कारण हाती नसताना नोंद केली.

त्या नोंदीशी ग्रहांचा काही संबंध नाही, आणि तो मागाहून चिकटवू नये. वाढणाऱ्या तरुण ग्रहांवर आज दिसणारी प्रकाशाची प्रक्रिया मात्र तीच. तरुण ग्रहावर वायू वेगाने कोसळतो, आघाताने तापतो, आणि हायड्रोजन ६५६३ अँगस्ट्रॉमची तांबडी रेषा व ३६४६ च्या पलीकडचा सलग उजेड सोडतो. ‘पीडीएस ७०’ या सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवती अशा तांबड्या रेषेतच २०१९ मध्ये चिलीच्या ‘व्हीएलटी’ दुर्बिणीने दुसरा ग्रह पकडला. पहिल्या ग्रहाचा अतिनील उजेड हबल दुर्बिणीने मोजला. ते निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. त्यावरून ग्रह वर्षाला गुरूच्या वस्तुमानाचा साधारण सात कोटीवा भाग, म्हणजे सात कोटी वर्षांत एक गुरू भरेल, इतका वायू ओढतो. तारा जेमतेम पन्नास लाख वर्षांचा. म्हणजे ग्रहाची बहुतेक वाढ आपण पाहण्यापूर्वीच उरकली आहे.