घराची आवराआवर आणि इतिहासाची साधने

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट आणि राजदफ्तरे डोळ्यांपुढे येतात. मराठ्यांचा इतिहास ज्या कागदांवर उभा आहे, त्यांतील फार मोठा भाग मात्र राजवाड्यांतून नव्हे, तर घरांतून मिळालेला आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार आणि उपाध्ये यांच्या माळ्यांवर व फडताळांत हे कागद पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. म्हणूनच घरातील वस्तू कोठे ठेवल्या जात, त्यांची आवराआवर केव्हा होई, आणि ठेवायचे काय व टाकायचे काय हे कोण ठरवीत असे, हे प्रश्न केवळ गृहव्यवस्थेचे राहत नाहीत. वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकालाही त्यांचा विचार करावा लागतो.

साठवणीच्या साधनांची नावेच एक लहानसा इतिहास सांगतात. ‘कपाट’ म्हणजे संस्कृतात दाराची फळी. ‘कवाड’ हे त्याच शब्दाचे दुसरे रूप. मराठीने या शब्दाचा अर्थ दारावरून दारामागच्या जागेवर नेला. ‘संदूक’ अरबीतून आला, तर ‘अलमारी’ पोर्तुगीजांमार्फत भारतीय भाषांत रुजली. जुन्या मराठी घरात मात्र सुटे कपाट क्वचितच असे. साठवण भिंतीच्या पोटातच होई. रुंद भिंतीत कोनाडे आणि फडताळे, धान्यासाठी बळद, कपड्यांसाठी खुंट्या आणि दांडी, भांड्यांची उतरंड, आणि नित्य न लागणाऱ्या सगळ्यासाठी माळा, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात टाकून देण्यापेक्षा वर चढवून ठेवण्याची सोय अधिक होती. आज जी अडगळ वाटते, तिला या घरात जागा होती. आणि कागद टिकले ते पुष्कळदा कोणी जपले म्हणून नव्हे, तर कोणी हलवले नाहीत म्हणून.

याचा अर्थ जपणुकीची पद्धतच नव्हती असा नाही. कागद विषयवार लावून रुमालात बांधले जात आणि अशा रुमालांचे दफ्तर होई. पोथ्या दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात गुंडाळल्या जात. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा पाला घालीत, आणि पावसाळा सरला की सर्वांना ऊन दाखवीत. तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून या पोथीचे रक्षण करा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या शेवटी करीत. आवराआवर ही येथे टिकवण्याची क्रिया होती.

कागद जपण्यामागे इतिहासप्रेम नव्हते, हक्क होता. वतन, इनाम, घरजागा यांचा आधार म्हणजे सनद आणि निवाडपत्र. १८५२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा माळ्यावरच्या कागदाची किंमत घरोघर कळली. ज्या दिवशी हा उपयोग संपला, त्या दिवसापासून तोच कागद अडगळ झाला. मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपीही शालेय शिक्षणातून मागे पडली. दोन आघात असे पाठोपाठ आले. ज्याचा उपयोग नाही आणि जे वाचताही येत नाही, ते घराने किती काळ सांभाळावे? नातवाच्या हाती आलेला आजोबांचा रुमाल हा त्याच्या दृष्टीने निव्वळ कागदांचा गठ्ठा होता. तो रद्दीत गेला, बंबात गेला किंवा पवित्र मानून नदीत सोडला गेला.

या पार्श्वभूमीवर वि. का. राजवाडे यांच्या कार्याकडे पाहिले पाहिजे. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, घरमालकांची मनधरणी करून, त्यांनी कागद मिळवले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९२६ मध्ये त्यांच्या निधनानंतर धुळ्यात उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ, या दोन्ही संस्थांनी घराच्या माळ्यावरचा कागद सार्वजनिक कपाटात आणण्याचे काम केले.

ही कथा केवळ मराठीची नाही. तमिळचे संपादक उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रांच्या शोधात अशीच भ्रमंती केली. करिवलमवंदनल्लूर येथील देवळात जुनी ताडपत्रे आगमाच्या नियमाला धरून अग्नीत अर्पण केल्याचे त्यांना ऐकावे लागले, ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रात आहे. तेथे ताडपत्रे उपेक्षेने नष्ट झाली नाहीत, श्रद्धेने नष्ट झाली. बंगालीत याच्या उलट घडले. बसंतरंजन राय यांना १९०९ मध्ये बांकुडा जिल्ह्यातील एका घराच्या गोठ्यात बडू चंडीदासांच्या काव्याची पोथी मिळाली. तिची आरंभीची पाने नव्हती; ग्रंथाचे मूळ नावही कळले नाही. संपादकांनी दिलेल्या ‘श्रीकृष्णकीर्तन’ या नावाने ती १९१६ मध्ये छापली गेली. त्या घराने गोठा एकदा जरी मन लावून साफ केला असता, तर मध्ययुगीन बंगाली काव्याच्या इतिहासातील एक प्रमुख प्रकरण कोरे राहिले असते.

मात्र संग्राहकांचीही स्वतःची आवराआवर होती, हे विसरून चालणार नाही. पहिल्या पिढीच्या संशोधनाचा भर राजकीय पत्रव्यवहारावर होता. राजवाडे यांनी सामाजिक लेखही छापले, हे खरे; तरीही लढाईचे पत्र जितक्या तत्परतेने उचलले गेले, तितक्या तत्परतेने घरखर्चाची यादी उचलली गेली नाही. स्त्रियांच्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलेल्या गाण्यांच्या वह्या, माहेरची पत्रे, रुखवताच्या याद्या यांना तर साधन म्हणण्याची कल्पनाही उशिराच आली. घर आवरण्याचे काम स्त्रियांकडे होते. पण कोणता कागद मोलाचा, हे ठरवण्याचा अधिकार सहसा त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे आवरताना त्यांनी पुष्कळदा स्वतःचेच लेखन प्रथम बाजूला केले असावे, असे अनुमान करता येते.

पुढे घरच बदलले. गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाट तयार करण्यास आरंभ केला आणि कालांतराने ते मध्यमवर्गीय संसाराचे लक्षण बनले. त्याला कुलूप होते, आतला खण होता. वाळवी आणि उंदीर यांना तेथे वाव नव्हता. परंतु त्याचे आकारमान ठरलेले होते. नवे आत यायचे तर जुने बाहेर जाणे भाग होते. वाडे पाडून सदनिका उभ्या राहू लागल्या, तेव्हा माळा गेला आणि त्याच्याबरोबर विसरण्याची सोयही गेली. जुन्या घरात वस्तू विसरली जाई म्हणून टिकत असे. नव्या घरात ती पाहिली जाते, आणि पाहिली जाते म्हणून तिचा निकाल लावावा लागतो.

हा निकाल लावणे अटळ आहे. प्रत्येक घर संग्रहालय होऊ शकत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही योग्य नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखितांच्या नोंदीचे काम देशभर हाती घेतले. अशा प्रयत्नांचे यशही शेवटी दाराआड होणाऱ्या निर्णयांवर अवलंबून असते. रुमाल सोडून पाहणे, जाणकाराकडून तो वाचून घेणे, आणि मगच तो ठेवायचा, ग्रंथालयाला द्यायचा की टाकायचा हे ठरवणे, एवढी पायरी मध्ये आली तरी पुष्कळ वाचेल. मोडी वाचणारे जितके कमी होत जातील, तितकी ही पायरी अवघड होत जाईल.