राजकारण नको म्हणणारी मंडळे

आपल्या मंडळाच्या घटनेत एक कलम आहे : 'मंडळ राजकारणात भाग घेणार नाही.' ते घालावे म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होते. आपसांत भांडणे नकोत, एवढाच हेतू. पण मागच्या उन्हाळ्यात वखारींमागच्या गल्लीत नळाला पाणी येईना, तेव्हा आम्ही चाळीस जणींनी सह्या करून अर्ज नेला, तर "हे राजकारण झाले हो बाई!" असे एका भगिनीने बजावले. तेव्हापासून हा विचार मनात घोळतो आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूकभूल द्यावी घ्यावी.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद भरली, ती मुलींच्या शिक्षणासाठी. राजकारणापासून दूर राहावयाचे, असेच त्या भगिनींचेही धोरण होते. पण बाराव्या वर्षी सासरी गेलेली पोर शाळेत यायची कशी? लग्नाचे वय वाढविल्यावाचून हातात पाटी राहात नाही, आणि वय वाढवावयाचे तर कायदाच हवा. मग त्यांनी सारडा विधेयकासाठी खटपट केली. १९२९ साली कायदा झाला : मुलीचे वय १४, मुलाचे १८. शाळेच्या वाटेनेच त्या कायदेमंडळाच्या दारी पोचल्या.

याच परिषदेचे अधिवेशन डिसेंबर १९३७ मध्ये आपल्या नागपुरात भरले. तेथे जाईबाई चौधरी गेल्या होत्या. या अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या. नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहिलेली ही बाई. पुढे तिनेच मुलींसाठी शाळा काढली. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांच्या समाजातील स्त्रियांनी सभा भरवून निषेध केला. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. राजकारण कलमात नसले तरी पंगतीत होतेच! आपल्या हळदीकुंकवाचे बोलावणे विधवा भगिनींना जात नाही, ते कोणी ठरविले? सभेत तसा ठराव कधी झालेला मला आठवत नाही.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. आंबेडकरही बोलले. घटस्फोटाचा हक्क हवा, कामकरी बायांना रजा हवी, कायदेमंडळात आमच्या जागा हव्यात, असे ठराव झाले. या बायांनी राजकारणाला नाव ठेवले नाही. मागावयाचे होते ते सरळ मागितले.

पक्षाचे झेंडे मंडळात नकोत, हे मला आजही पटते. निवडणुकीत मंडळाची सतरंजी कोणाला द्यावी यावरून किती कटकट होते, ते आपण जाणतोच. म्हणून येत्या सभेत मी कलम काढा म्हणणार नाही. 'राजकारणात' च्या आधी 'पक्षीय' एवढा शब्द घाला, असे सुचविणार आहे. आणि संक्रांतीच्या बोलावण्याची यादीही त्याच दिवशी, सर्वांसमोर करावी.