सव्वीस वेळा झिजलेले पुस्तक

पनवेलचे के. गो. लिमये सार्वजनिक ग्रंथालय असो वा एखाद्या खेड्यातले वाचनालय, तिथे विकत घेऊन दाखल क्रमांक दिलेले पुस्तक पाने सुटेपर्यंत, सुटली तर पुन्हा बांधून घेऊन, घरोघर फिरते. प्रकाशकाला विचारावे लागत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदाही आड येत नाही. ई-पुस्तक मात्र झिजतच नाही, आणि प्रकाशकांना खुपली ती नेमकी हीच गोष्ट. ग्रंथालयाला ते सहसा मालकीने नव्हे, परवान्याने मिळते. २०११ मध्ये अमेरिकेत हार्परकॉलिन्सने झीज करारातच लिहिली : २६ वेळा दिले की परवाना संपला! दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या धरल्या तर जेमतेम वर्ष. (हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.) मग ओक्लाहोमातील ग्रंथपालांनी याच प्रकाशकाची, २६ हून अधिक वेळा वाचकांकडे जाऊन आलेली छापील पुस्तके कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवली. ती अजून फिरण्याजोगी होती.