दुसऱ्याची गाणी वाजवणारे

कव्हर बँडला आपण जरा हलक्यातच घेतो. ‘यांचं स्वतःचं काय आहे? दुसऱ्यांचीच गाणी वाजवतात!’ शनिवारी रात्री त्यांच्यासमोर घसा बसेपर्यंत आपणही गातो, नाचतो. पण घरी येताना बँडचं नाव विचारलं, तर सांगता येत नाही. मुंबईत हे फार जुनं आहे. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या अशाच काही वादकांनी एकेकाळी हिंदी सिनेसंगीताचा आवाजच बदलून टाकला. त्यांची नावंही कुणी फारशी लक्षात ठेवली नाहीत.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही आला. जॅझ तबकडीवर ऐकणं वेगळं आणि तो वाजवणारा माणूस समोर असणं वेगळं. या पाहुण्यांकडून सगळ्यात जास्त उचललं ते गोव्याच्या वादकांनी.

त्यांची तयारी आधीच झालेली होती. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत. पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन ती पोरं वर्तमानपत्रासारखं वाचत. पोटापाण्यासाठी मुंबई गाठायची, धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि काम शोधायचं. हॉटेलांना नाचासाठी बँड हवेच असत.

पाहुण्यांना ऐकायची असत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गाजलेली गाणी. ती मिळवायची दोन ठिकाणांहून: छापील नोटेशन किंवा तबकडी. तबकडी पुन्हा पुन्हा लावून एकेका वाद्याचा भाग कानाने टिपायचा आणि कागदावर उतरवायचा. पण तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगात आलेल्या जोड्या तेवढ्यावर थांबत नाहीत. मग कधी ट्रम्पेटवाला, कधी सॅक्सोफोनवाला उठून आयत्या वेळी मनचं वाजवायचा. नकलेची हद्द तिथे संपायची.

हळदोण्याचा अंतोनियो शावियर वाझ (जन्म १९१६) हा त्यांतला सगळ्यात गाजलेला. जगाला तो ‘चिक चॉकलेट’ म्हणून माहीत. लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट, तसाच खरखरीत आवाज, हातात तसाच पांढरा रुमाल. चाळीसच्या दशकात ताजमध्ये त्याचा बँड वाजे. लोक त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. हे कौतुकच होतं, पण त्यातही नाव दुसऱ्याचं होतं.

त्याच काळात पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, सिनेमात नवा आवाज शोधत होता. चाल त्याच्या डोक्यात असे. पण ती ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन यांच्यात वाटून द्यायची, तर ती लिहिणारा आणि लिहिलेली बघताक्षणी वाजवणारा माणूस हवा. हॉटेलच्या वादकांना नेमकं हेच येत होतं. रात्री बॉलरूम, दिवसा स्टुडिओ, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या धंद्याला ओहोटी लागली आणि स्टुडिओचा आधार आणखी मोठा झाला.

‘शहनाई’ (१९४७) आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) या सिनेमांच्या गाण्यांत तो बॉलरूम ऐकू येतो. म्हणजे सगळं सोवळंच होतं असं नाही. सी. रामचंद्र यांच्याच ‘समाधी’तल्या (१९५०) एका लोकप्रिय गाण्याची चाल अमेरिकी गाण्यावरून उचललेली आहे. फरक एवढाच, की बॉलरूममध्ये वाजणारं गाणं मुळात कुणाचं, हे समोरच्याला ठाऊक असे. सिनेमाच्या पाटीवर मात्र नाव एकट्या संगीतकाराचं. मूळ चाल बांधणारा परदेशात राहिला आणि इथे ती वाजवणारा पाटीच्या मागे. दोघांची गत एकच.

गोव्याचेच अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) शिष्याने एका गाण्यात त्यांचं नाव गुंफलं. आज ते नाव लग्नाच्या वरातीतही वाजतं. पण या नावाचा खरोखर कुणी संगीतकार होता, हे नाचणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत असतं?

चिक १९६७ साली गेला. त्याला मात्र पाहायची सोय अजून आहे. फोनवर ‘अलबेला’ची गाणी लावा आणि भगवानदादा नि गीता बाली यांच्यावरची नजर क्षणभर काढून मागच्या वादकांकडे न्या. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून वाजवणारी ती मंडळी नट नाहीत. तो चिकचा खराखुरा बँड आहे, आणि तो जे वाजवतोय ते दुसऱ्या कुणाचं नाही.