राजाची सनद आणि मूठभर तांदूळ

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची तयारी चालू असताना कार्यकारिणीपुढे एक सूचना आली आहे. दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी पावतीपुस्तके घेऊन घरोघर हिंडावे, जिने चढावे, एकेका कुटुंबाकडून अल्पस्वल्प वर्गणी गोळा करावी, हा खटाटोप आता पुरे झाला. त्याऐवजी चार सधन सभासदांकडून मोठ्या रकमा घेऊन एक कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजावर मंडळाचा संसार चालवावा, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे आणि हिशेबही बिनचूक आहे. तथापि निर्णय घेण्यापूर्वी आपल्याच लोकांच्या एका जुन्या अनुभवाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. हा अनुभव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील आहे. घरापासून दूर राहून एकत्र कसे यावे आणि लोकोपयोगी कार्यासाठी द्रव्य कसे जमवावे, या प्रश्नांची उत्तरे तेथील मराठी माणसांनी आणि त्यांच्या तमिळ शेजाऱ्यांनी आपल्या फार पूर्वी शोधली होती.

इ. स. १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावूर घेतले आणि तेथे भोसल्यांची गादी स्थापन झाली. गादीबरोबर शिपाई, कारकून, वैद्य, पुराणिक, कीर्तनकार आणि रामदासी गेले. कावेरीच्या फाट्यांवर, भाताच्या हिरव्यागार खाचरांमध्ये वसलेल्या गावांत त्यांची घरे झाली. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे लोटली, तरी त्यांच्या वंशजांच्या घरी एक आगळी मराठी आजही बोलली जाते. या मंडळींनी तेथे सार्वजनिक कार्याच्या दोन परंपरा पाहिल्या व पोसल्या. एक राजवाड्यातून निघाली होती, दुसरी रस्त्यावरून.

पहिली परंपरा छत्रांची. तमिळमध्ये ज्यास ‘चत्तिरम्’ म्हणतात, ते वाटसरूंसाठी बांधलेले अन्नछत्र व धर्मशाळा. काशी-रामेश्वराची यात्रा करणारे लोक याच मुलखातून जात आणि त्यांच्यासाठी तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे उभारली. नीडामंगलम् येथील छत्र यमुनाबाईंच्या नावाने, तर तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाड येथील छत्र सरफोजीराजांनी मुक्तांबाबाईंच्या नावाने बांधविले. त्या गावास मुक्तांबाळपुरम् असेही नाव पडले. प्रत्येक छत्रास गावांचे व जमिनींचे उत्पन्न लावून दिलेले असे.

इ. स. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे वर्षाला एक लक्ष होन, निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरती सत्ता एवढेच उरले. परंतु छत्रे आपल्या हातून जाऊ नयेत, याची त्यांना विलक्षण चिंता होती. इ. स. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्र लिहिले आणि छत्रांत काय चालते, याचे सविस्तर वर्णन त्यात केले. येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही जातीचा असो, शिजविलेले अन्न मिळे. आजाऱ्यांसाठी वैद्य असे, अनाथ मुलांचा सांभाळ व शिक्षण होई, बाळंतिणींची व्यवस्था पाहिली जाई, वाटेत मरण पावलेल्यांचे अंत्यविधी केले जात. मध्यरात्री घंटा वाजवून, झोपी गेलेला कोणी उपाशी राहिला असेल तर त्यास जेवावयास बोलावीत. राज्य गेले तरी ही घंटा वाजती राहावी, एवढेच मागणे त्या राजाने मागितले, हे वाचताना आजही मन भरून येते.

इ. स. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. छत्रांच्या जमिनी व इमारती कालांतराने सरकारी देखरेखीखाली गेल्या. सर्वच बुडाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिरुवैयारू येथे कावेरीकाठच्या कल्याणमहालात इ. स. १८८१ मध्ये याच देणग्यांच्या आधारावर संस्कृत महाविद्यालय निघाले आणि ते आजतागायत राजांच्या नावाने चालू आहे. या महाविद्यालयाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अनेक वर्षे तेथे केवळ संस्कृतच शिकविले जाई. इ. स. १९२४ च्या सुमारास जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम आणि तंजावरच्या करंदै तमिळ संगमचे उमामहेश्वरन् पिळ्ळै यांच्या प्रयत्नांनी मूळ देणगीचा नव्याने विचार झाला आणि त्याच छताखाली तमिळच्या अध्यापनास स्थान मिळाले. दान राजाचे होते. परंतु त्याचा खरा अर्थ लावण्यास गावची माणसे पुढे यावी लागली.

येथेच सनदेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. राजाच्या औदार्याने हजारो मुखांत अन्न घातले. परंतु छत्राच्या दारी आलेला मनुष्य जेवून पुढे जाई. ते छत्र चालविण्यात आपलाही वाटा आहे, असे त्यास वाटण्याचे कारण नव्हते. देणारा एक होता. त्याचा वंश खुंटला तेव्हा दानाचा प्रश्न सरकारी दप्तराच्या हाती गेला.

दुसरी परंपरा उंछवृत्तीची. शेत कापून नेल्यावर पडलेले दाणे वेचून राहणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. कावेरीकाठी त्यास निराळे रूप आले. गळ्यात किंवा खांद्यावर एक भांडे, हाती तंबोरा व चिपळ्या घेऊन भगवंताचे नाम गात भक्त गल्लीतून निघे. गृहिणी दारात येऊन मूठभर तांदूळ त्या भांड्यात घालीत. एखाद्या दिवसापुरते जमले की तो परत फिरे. संत त्यागराज (१७६७–१८४७) तिरुवैयारूच्या गल्ल्यांतून याच रीतीने हिंडले. सरफोजीराजांच्या दरबारातील निमंत्रण त्यांनी नाकारले, असे परंपरा सांगते. ज्या गावात राजाचा कल्याणमहाल, त्याच गावात मुठीच्या तांदळावर संसार चालविणारा हा महात्मा नांदला. आजही त्यांच्या आराधनेच्या दिवशी उंछवृत्तीची दिंडी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत जाते.

मराठी माणसास ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. समर्थांच्या शिष्यपरंपरेचे मठ तंजावूर व मन्नारगुडी येथे स्थापन झाले होते, आणि दासबोधाच्या चौदाव्या दशकातील दुसरा समास तर भिक्षेच्याच निरूपणाचा आहे. कोणी पुष्कळ आणून दिले तरी त्यातील थोडेच घ्यावे, हा त्यातील विचार वरवर पाहता विचित्र वाटतो. परंतु त्यात खोल व्यवहार आहे. एकाच घरी पोट भरले तर दुसऱ्या घरी जाण्याचे प्रयोजन उरत नाही. दहा घरी जावयाचे, म्हणजे दहा घरांची सुखदुःखे कळावयाची. भिक्षा हे अन्नाचे साधन तर खरेच, परंतु लोकसंग्रहाचे साधन त्याहून अधिक.

उंछवृत्तीच्या जोडीला बैठक होती. गोविंदपुरम्‌चे बोधेंद्र सरस्वती, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी या तिघांनी त्या मुलखात भजनाची जी पद्धती रूढ केली, तीत संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांबरोबर मराठी अभंगही गाइले जातात. शनिवारी संध्याकाळी किंवा एकादशीस कोणाच्या तरी घरी अथवा भजनमठात मंडळी जमतात. वर्षातून एकदा राधाकल्याणाचा मोठा उत्सव होतो आणि त्याचा खर्च सर्वांच्या मदतीने भागविला जातो. पुढे ही मंडळी नोकरीनिमित्त मद्रासेस गेली तेव्हा शनिवारचे भजनही त्यांच्याबरोबर गेले. मिल्टन सिंगर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मद्रासच्या या भजनमंडळ्यांचा अभ्यास करून साप्ताहिक, मासिक व वार्षिक कार्यक्रमांची त्यांची घडण नोंदवून ठेवली आहे. आपल्या मंडळाचे कार्यक्रमपत्रक त्याशेजारी ठेवून पाहावे. साम्य पाहून वाचकांस नवल वाटेल.

विसाव्या शतकात मुठीच्या तांदळास संघटित रूप मिळाले. ज्या कांची कामकोटी पीठाचे वास्तव्य दीर्घकाळ कुंभकोणम् येथे होते, त्याचे आचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती (१८९४–१९९४) यांनी ‘पिडि अरिसि’ म्हणजे मूठभर तांदूळ या नावाची योजना सांगितली. प्रत्येक घरी रोज स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ व एक नाणे बाजूस काढावयाचे. आठवड्याने गावातील कार्यकर्त्यांनी ते गोळा करावयाचे. तांदूळ देवळात शिजवून प्रसाद म्हणून गरिबांस द्यावयाचा. आपल्या महाराष्ट्रातही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांस मुष्टिफंडाचा आधार मिळाला, आणि अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून तळेगावचा काचकारखाना निघाला. भाषा निराळ्या, मूठ एकच.

तंजावरी मराठी समाजाने हाच मार्ग आपल्या मुलांसाठीही धरला. इ. स. १९१२ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेला ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ गरजू विद्यार्थ्यांस शिक्षणासाठी साहाय्य देत आला. राजा नव्हता, सनद नव्हती, जहागिरी केव्हाच सरल्या होत्या. समाजाने आपलाच हात आपल्या मुलाच्या पाठीवर ठेवला.

आज तंजावूर, कुंभकोणम्, मन्नारगुडी या गावांत रोटरी, लायन्स अशा सेवासंस्था काम करतात आणि नेत्रशिबिरे, रक्तदान, विद्यार्थ्यांस मदत असे उपक्रम चालवितात. त्यांची मूळ कल्पनाही आपल्या भजनमंडळीहून फार दूरची नाही. इ. स. १९०५ मध्ये शिकागो येथे पहिला रोटरी क्लब निघाला तेव्हा बैठक आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरे. त्या फिरतीवरूनच ते नाव पडले. दर आठवड्यास बैठक आणि हजेरीची शिस्त हे या संस्थेचे शतकभर वैशिष्ट्य होते, इ. स. २०१६ मध्ये नियम सैल होऊन महिन्यातून किमान दोन बैठकी पुरेशा ठरल्या. हिच्या गावोगावच्या सभासदांनी इ. स. १९८५ पासून पोलिओविरुद्ध द्रव्य व श्रम वेचले. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश त्या रोगापासून मुक्त असल्याचे जाहीर झाले. सरकारी यंत्रणेचा वाटा त्यात सर्वांत मोठा होता. परंतु गावोगावच्या स्वयंसेवकांची जोड तीस लाभली, हे विसरता येत नाही.

या परंपरेतील एक उणीवही सांगितली पाहिजे. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित पडली असता बंगळूरच्या नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी स्वतःच्या मिळकतीतून जागा घेऊन तेथे मंदिर बांधविले. त्याची प्रतिष्ठापना इ. स. १९२५ मध्ये झाली. परंतु आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. म्हणून त्यांना स्त्रियांचा वेगळा उत्सव भरवावा लागला. वेगवेगळे पक्ष एकत्र येण्यास १९४० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले. रोटरीनेदेखील स्त्रियांस सभासदत्व दिले ते इ. स. १९८९ मध्ये. मूठ ज्यांच्या हातची, त्यांना बैठकीत जागा नाही, हा दोष आपल्याकडेही काही कमी नव्हता. मंडळाच्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षे राबलेल्या किती भगिनी अध्यक्षांच्या नामावलीत आहेत, हे याच अंकाच्या आरंभीची पाने उलटून प्रत्येकाने पाहावे.

आता मूळ सूचनेकडे वळू. कायम निधी अवश्य उभारावा. सरफोजीराजांनी छत्रांस उत्पन्न लावून दिले नसते, तर तिरुवैयारूचे महाविद्यालय दिसले नसते. परंतु निधी झाला म्हणून पावतीपुस्तक बंद करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. जिने चढल्यावरच कळते की तिसऱ्या मजल्यावरील आजोबा महिनाभर अंथरुणास खिळले आहेत, समोरच्या घरी गावाकडून नवे जोडपे राहावयास आले आहे, आणि कोणा मुलीस शाळेच्या फीची अडचण आहे. व्याज बँकेतून येते. ही वार्ता दारातूनच येते. म्हणून वर्गणीचा आकडा हवा तर कमी करावा, पण एकही दार वगळू नये.

सरफोजीराजांच्या छत्रात मध्यरात्री घंटा वाजे, ती कोणी उपाशी झोपले असेल म्हणून. आपल्याकडे तशी घंटा नाही. वर्षातून एकदा आपले कार्यकर्ते दारावरची कडी वाजवितात, तीच आपली घंटा आहे. पुढील पन्नास वर्षे ती वाजत राहो, आणि ती वाजविण्याचा मान पुढच्या पिढीतील आपल्या मुलामुलींस लाभो, एवढीच या मंगलप्रसंगी श्रीचरणी प्रार्थना.